एक्झोराला केवडा पडलाय, आईकडचं झाड मात्र हिरवंगार (मदत हवी)

गच्चीवाली
नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय, बागकामवाले कुणी जागे असाल तर धावून या. माझ्याकडे एक्झोराच्या दोन कुंड्या आहेत. एक इथल्या नर्सरीतून आणलेला बुटका, नर्सरीवाला चायना एक्झोरा म्हणाला, आणि दुसरा माहेरचा. देवगडला आईच्या अंगणात गडग्याला लागून लाल एक्झोराचं झाड आहे त्याची फांदी आणून लावलेली. आईकडचं झाड पुरुषभर उंच आहे, कुणी मुद्दाम पाणी घालत नाही, खत तर बापजन्मात घातलेलं नाही, तरी पावसात असं फुलतं की पान दिसत नाही. आणि माझ्याकडे एवढे लाड करून नवी पानं हळद लागल्यासारखी पिवळी! शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, जाळी काढल्यासारखं दिसतं. अगदी शेंड्याची पानं तर पांढरट झालीयेत आणि कडा करपल्यात. खालची जुनी पानं ठीक आहेत.

राहते पुण्यात पिंपळे सौदागरला, सातवा मजला, ऊन भरपूर. माती काळी, त्यात शेणखत आणि थोडं कोकोपीट. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. व्हिडिओ बघून बघून अंड्याची टरफलं कुटून घातली, केळीच्या सालीचं पाणी घातलं, चहाचा चोथा घातला. नर्सरीवाला म्हणाला १९:१९:१९ खत द्या, तेही दिलं. आईला फोनवर विचारलं तर म्हणते, अगो त्याला काही लागत नाही.

खरवस
फोटो टाका की.

गच्चीवाली
चढत नाहीये, साईझ मोठी म्हणतंय. रात्री बघते.

दुसरा मजला
एक्झोरा म्हणजे ते सोसायटीच्या गेटपाशी लाल गुच्छ असतात तेच ना? मी इतकी वर्षं त्याला पेंटास समजत होते.

खरवस
पाकळ्या मोजा. चार असतील तर एक्झोरा, पाच असतील तर पेंटास. नावातच पाच आहे त्याच्या. आणि एक्झोराचं पान जाड, चकचकीत, पेंटासचं मऊ लवदार. तसे दोघे भाऊबंदच, दोघेही कॉफीच्या कुळातले.

काळी माती
गच्चीवाली ताई, आधी कुंडीतली अंड्याची टरफलं वेचून काढा, मग पुढचं बोलू :)

फोटोची गरज नाही, तुम्ही वर्णन इतकं चोख केलंय की आमच्याकडे उसाला अन भुईमुगाला हेच होतं, शेतकरी त्याला केवडा पडला म्हणतात. लोहाची कमतरता. ओळखायची खूण म्हणजे पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघायचं. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी अख्खी पिवळी होतात, मॅग्नेशियम कमी पडलं तरी जुन्याच पानांवर जाळी दिसते, पण लोह झाडाला जुन्या पानातून काढून नव्याला देता येत नाही म्हणून लोहाची बोंब नेहमी शेंड्याला.

आता गंमत अशी की तुमच्या काळ्या मातीत लोह कमी नाहीये, भरपूर आहे. पण मातीत आणि पाण्यात चुना आहे. चुन्याने मातीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) साडेसात-आठला जातो आणि तिथं लोह असं घट्ट बसतं की मुळाला ते ओढताच येत नाही. म्हणजे कोठार भरलेलं पण कुलूप लागलेलं. एक्झोराला आंबट माती लागते, पीएच पाच ते सहाच्या आसपास. तुम्ही वरून टरफलं घातली म्हणजे काय घातलं? कॅल्शियम कार्बोनेट, चुनाच. चुलीची राखसुद्धा त्याच वाटेची. केळीच्या सालीने ना फायदा ना तोटा, चिलटं तेवढी येतात.

घरच्या घरी बघायचं असेल तर कुंडीतली मूठभर माती वाळवा आणि तिच्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर ओता. फसफसली तर चुनखडी आहे. आणि कुंडीच्या काठाला, मातीच्या वरच्या थराला पांढरं पांढरं जमलंय का तेही सांगा.

गच्चीवाली
काळी माती, आत्ताच करून बघितलं, सोडा घातल्यासारखी फसफसली!! माझा मुलगा म्हणाला आई अजून कर. पांढरा थर तर कुंडीला आहेच, मी समजत होते खताचे क्षार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गेले वर्षभर पाणी वाया जायला नको म्हणून आरओचं जे फेकायचं पाणी असतं ते बादलीत साठवून याच दोन कुंड्यांना घालतेय 🤦

काळी माती
अहो मग झालंच की. आरओ मशीन पाण्यातले क्षार बाजूला काढून त्या बादलीत सोडतं, म्हणजे बोअरचं जड पाणी आटवून आणखी जड केलेलं. त्यानं फरशी पुसा.

शेंगदाणा चटणी
+१. आमच्याकडे अनंताचं हेच झालं होतं, कळ्या काळ्या पडून गळायच्या आणि पानं पिवळी. अनंतही याच कुळातला. एसीचं पाणी घालायला लागल्यापासून सुधारला. एसीच्या नळीतून जे टपकतं त्यात क्षार जवळपास नसतातच, फुकटचं पाऊसपाणी.

पिटकुळी
गच्चीवाली, देवगडचा म्हणजे आमच्याच शेजारचा झाड की! आमच्याकडे या झाडाक पिटकुळी म्हणतत. लाल फुलाचा मागचा दांडा चोखून मध खावचो आणि पिकलेली काळपट लाल फळां खिशात भरून शाळेत जावचा, गोडसर तुरट, आत बियाच जास्त. तेका काय व्हया? जांभ्याचो दगड, लाल माती आणि पाऊस. तुझी आई बरोबर सांगता, थंय तेका काय लागणा नाय. पुण्यात लागता.

काळी माती
लाख बोललात. जांभ्याची माती मुळातच आंबट आणि लोहानं लाल. धो धो पावसानं चुना धुवून गेलेला. आईच्या सल्ल्यात चूक नाही, फक्त तो देवगडपुरता खरा आहे.

जुनी वही
इथे जरा अवांतर लिहितो, राहवत नाही.

या झाडाचं एक्झोरा हे नाव लिनीयसने १७५३ मध्ये दिलं, आणि ते आपल्या 'ईश्वर' शब्दाचं पोर्तुगीज तोंडातून गेलेलं रूप. मलबारात ही फुलं देवाला वाहत, त्यावरून. त्याच्या आधी कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ करून घेतला होता, हॉर्टस मलबारिकस, ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला. त्यात हे झाड 'शेट्टी' नावाने आहे, म्हणजे मल्याळममधलं चेत्ती किंवा तेच्ची. आणि आपल्यासाठी विशेष गोष्ट अशी की या ग्रंथाला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होतेच पण रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलेलं प्रमाणपत्र कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत आहे आणि ते पहिल्या खंडात तसंच्या तसं छापलंय. साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात आपली अक्षरं! मी पहिल्यांदा त्या पानाचं चित्र बघितलं तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

दुसरा मजला
वा, मस्त माहिती. म्हणजे आम्ही गेटपाशी ईश्वर लावलाय आणि माळी दर पंधरा दिवसांनी त्याला कात्री लावतोय.

खरंच विचारायचं होतं, आमच्याकडच्या कुंपणाला पानं हिरवीगार आहेत पण फूल म्हणून नाही. माळी त्याचे गोल गोल चेंडू करतो, कमिटीला ते फार आवडतं, मीटिंगमध्ये कौतुकही झालं. मी म्हटलं फुलं कुठेत तर म्हणाले व्हरायटीच तशी आहे.

खरवस
व्हरायटी नाही हो, कात्री. एक्झोराचा गुच्छ येतो नव्या फुटव्याच्या टोकाला. दर पंधरवड्याला टोक कापलं तर तो बिचारा फुटवा काढतोय आणि तुम्ही कापताय, एवढंच वर्षभर चालू. माळ्याला सांगा, बहर सरला की एकदा हलकी छाटणी कर आणि मग दोन-तीन महिने हात लावू नकोस. चेंडू हवाच असेल तर मेंदीचं कुंपण लावा म्हणावं.

मायामीकर
गच्चीवाली, धागा बघून लॉगिन केलं, नाहीतर मी वाचनमात्रच असतो. आमच्या इथे दक्षिण फ्लोरिडात घराघरापुढे एक्झोराची कुंपणं आहेत, मॉलच्या पार्किंगमध्ये सुद्धा. नोरा ग्रँट नावाची गुलाबी जात आणि माऊई नावाची बुटकी केशरी, या दोन सगळीकडे. आणि जमीन कसली तर चुनखडकाची. मुळात चुनखडीवर वसलेलं गाव, त्यात आंबट मातीचं झाड लावायचा सगळ्यांना सोस, त्यामुळे पिवळा एक्झोरा हा इथला राष्ट्रीय आजार समजा. घराच्या भिंतीलगतची झाडं तर हमखास पिवळी, कारण सिमेंटमधून, गिलाव्यातून चुना पाझरत राहतो. पुण्यात नव्या सिमेंटच्या कुंडीत लावलं असेल तर तेच होणार.

आणखी एक, इथे जुन्या पानांवर तपकिरी जांभळट ठिपके येतात आणि लोक बुरशी समजून औषधं मारत बसतात. बऱ्याचदा ते पालाश आणि स्फुरद कमी पडल्याचं असतं. तेव्हा लोहाच्या मागे लागताना बाकीचं जेवण बंद करू नका. आणि पाणी तुंबू देऊ नका, मुळं गुदमरली की लोह असूनही झाड घेत नाही. माझं एक झाड मी पिवळं पडतंय म्हणून जास्त पाणी घालून घालून मारलंय.

गच्चीवाली
बापरे, एवढं सगळं! माझी कुंडी सिमेंटचीच आहे, माहेरच्या झाडाची. मुद्दाम मोठी आणि जड आणली होती, सातव्या मजल्यावर वारा फार म्हणून.

आता नेमकं काय करू ते क्रमाने सांगा कुणीतरी, मला बाजारात जाऊन काय मागायचं तेच कळत नाहीये.

काळी माती
क्रम वगैरे काही नाही, सांगतो तसं करा. सिमेंटची कुंडी सोडा, प्लास्टिकची किंवा ग्रो बॅग घ्या आणि आता पाऊस सुरू झालाच आहे तर माती बदला. काळी माती नको. लाल माती, कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा आणि थोडी निंबोळी पेंड. मुळाभोवतीचा गोळा फोडू नका, बाहेरची सैल माती तेवढी झटका. मातीत थोडं गंधक मिसळलं तरी चालतं, पण गंधकाचं काम मातीतले जिवाणू करतात, महिने लागतात, आज घातलं उद्या हिरवं असं नाही.

तोपर्यंत झाडाला तग धरायला हिराकस. कृषी सेवा केंद्रात फेरस सल्फेट म्हणून मागा. हिरवट निळसर खडे असले पाहिजेत. पिवळी तांबूस पूड झालेली असेल तर ती हवेनं उतरलेली, घेऊ नका. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि ग्रॅमभर सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं. आधी लिंबूसत्व विरघळवा, मग हिराकस, लगेच फवारा, साठवून ठेवू नका. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर, पानाच्या खालूनही. दर दहा-बारा दिवसांनी. मातीत नुसतं हिराकस ओतून मात्र उपयोग नाही, चुनखडीत ते तासाभरात निकामी होतं.

मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह घ्या, म्हणजे चुन्यात घट्ट बसू नये म्हणून दुसऱ्या द्रव्यात बांधून दिलेलं लोह. त्यात दोन प्रकार. ईडीटीएवालं स्वस्त पण पीएच साडेसहाच्या वर गेला की तेही ढेपाळतं. आपल्या पाण्याला ईडीडीएचएवालं लागतं. महाग आहे, पण कुंडीला लिटरला एक ग्रॅम पुरतं. पाणी लालभडक होतं, सरबतासारखं, मुलांपासून लांब ठेवा.

शेंगदाणा चटणी
कॉफीचा चोथा घालू का? आंबट असतो ना?

काळी माती
कॉफीतला आंबटपणा तुम्ही प्यायलात, चोथ्यात फारसा उरत नाही. पालापाचोळ्यासारखा थोडा घातला तर हरकत नाही. दुधासाखरेचा चहाचा चोथा मात्र नको, मुंग्या येतात आणि मुंग्यांमागून पिठ्या ढेकूण. एक्झोराच्या कळ्यांच्या बेचक्यात तो असा दडून बसतो की गुच्छ काळा पडल्यावरच कळतं.

रॉटरडॅमकर
माझ्याकडे झाड नाही, इथल्या थंडीत बाहेर टिकणारही नाही, पण एक सांगायचंय. आमच्या बिल्डिंगमध्ये सुरीनामच्या एक आजी आहेत, त्यांच्या खिडकीत कुंडीत हाच लाल गुच्छ बघितला आणि मी आपलं मोठ्या तोऱ्यात सांगायला गेलो की हे आमच्या देशातलं फूल. त्या म्हणाल्या हे तर आमचं राष्ट्रफूल, फायालोबी, म्हणजे धगधगतं प्रेम! त्यांच्या आजोबांचे आजोबा बिहारकडून बोटीने गेलेले. मग आम्ही दोघांनी ठरवलं की फूल दोघांचं. जुनी वही यांची पोस्ट त्यांना भाषांतर करून वाचून दाखवली, फार आवडली.

पिटकुळी
केरळात तेच्ची आणि तुळस एकत्र गुंफून देवाक माळ घालतत. मंगळुराकडे केपळ म्हणतत. तेलुगूत तर नूरु वरहालु, शंभर मोहरा! गुच्छ बघितलास तर पटता, मोहरा ओतल्यासारखोच दिसता. आणि आम्ही पोरां दोऱ्याशिवाय माळ करू, एका फुलाची नळी दुसऱ्याच्या तोंडात खुपसायची आणि ओढायची. दीड इंचाची नळी, बरोबर अडकता.

खरवस
तमिळमधलं वेट्ची पण हेच. संघम काळात गाई पळवायच्या स्वारीला निघालेले वीर हीच फुलं माळून जायचे, म्हणून त्या प्रकारच्या कवितांच्या विषयालाच वेट्ची नाव पडलं.

आणि सह्याद्रीत याची जंगली पांढरी बहीण आहे, तिला काय म्हणतात माहितीये? लोखंडी! इकडे आपण लोखंड पाजतोय.

जुनी वही
हाहा, हे भारी. ती लोखंडी मी बघितलीये, झाडच होतं चांगलं मोठं, बारीक पांढऱ्या फुलांचे विरळ तुरे.

गच्चीवाली
अपडेट आणि एक कबुली.

माती बदलली. लाल माती मिळवायला आईकडून येणाऱ्या मामेभावाच्या गाडीत दोन गोण्या आणवल्या, तो म्हणाला लोक कोकणातून आंबे आणतात. चायना एक्झोरा आणि माहेरचा, दोघांनाही ग्रो बॅगमध्ये हलवलं, खाली विटा लावून. पाणी पावसाचं आणि एसीचं. हिराकसच्या तीन फवारण्या झाल्या. पहिल्या वेळी पाच ग्रॅम मोजायला वजनकाटा नव्हता, चमच्याने अंदाजे घातलं, जास्त झालं असणार, काही पानांवर काळे डाग पडले. मग भाजीच्या छोट्या काट्यावर मोजून केलं तेव्हा ठीक. आठवड्यात काही कळलं नाही, तिसऱ्या आठवड्यात शेंड्याला नवी पानं आली ती तांबूस आली आणि मग हिरवी झाली, आधी पिवळीच यायची. जुनी पांढरी पडलेली मात्र गळाली, ती काही परत हिरवी झाली नाहीत.

आता कबुली. फवारताना वाऱ्याने तुषार उडाले आणि शिवाय बाटली कलंडली. तेव्हा पाण्यासारखंच दिसत होतं म्हणून पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीच्या पांढऱ्या फरशीवर हातभर गंजाचा डाग!! सासूबाईंनी दोन महिन्यांपूर्वीच स्वतः पसंत करून बसवून घेतलेली फरशी. सध्या डागावर कुंडी ठेवलीये.

काळी माती
हे सांगायचं राहिलं, माझी चूक. हिराकस उडालं की लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. पानं छान आलीत हे ऐकून बरं वाटलं. आता फवारणी थांबवली तरी चालेल, नवी पानं पिवळी दिसली तरच परत.

दुसरा मजला
आमच्याकडेही बातमी आहे. माळ्याला चहा पाजून पटवलं, गेटच्या डाव्या बाजूला कात्री लावू नकोस, उजव्या बाजूला चेंडू कर. दोन महिन्यांत डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवं. आता कमिटीत भांडण चालू आहे की दोन्ही बाजू सारख्या का नाहीत :D

मायामीकर
:)) असा प्रयोग तर विद्यापीठातही होत नसेल.

गच्चीवाली
सप्टेंबर अपडेट. माहेरच्या झाडाला पहिला गुच्छ आला! मोजल्या, एका गुच्छात त्रेपन्न फुलं आणि अजून कळ्या आहेत. चायनावाल्याला अजून काही नाही, पण पानं हिरवी आहेत. परवा सकाळी एक मोठं काळं फुलपाखरू आलं, मागच्या पंखांवर निळं, सातव्या मजल्यावर! पंख फडफडवत गुच्छावर अधांतरी राहून एकेका नळीत सोंड घालत होतं, दोन मिनिटं तरी होतं, फोन आणेपर्यंत गेलं.

खरवस
नीलवंत! महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. एवढ्या लांब नळीच्या तळाशी मध, तिथे लांब सोंडवाल्यांचंच काम. आणि पानांवर कधी गाठी गाठींची विचित्र हिरवी तपकिरी अळी दिसली तर लगेच मारू नका, मंकी पझल नावाचं इवलंसं फुलपाखरू एक्झोरावर अंडी घालतं. दोनचार पानं खाईल, खाऊ दे.

गच्चीवाली
आईला व्हिडिओ कॉलवर गुच्छ दाखवला. म्हणते, बघ, मी म्हटलं नव्हतं, त्याला काही लागत नाही. मी गोण्या, हिराकस, एसीचं पाणी काहीच बोलले नाही.

बाकी मंडळी, कुंडी डागावरून हलवायची वेळ आली आहे, दिवाळीची साफसफाई. गंजाचा डाग फरशीवरून कशाने जातो? लिंबू मीठ घासून झालं, फिका झाला पण आहे.

शेंगदाणा चटणी
फरशी कसली? संगमरवर असेल तर लिंबू अजिबात नको, तोही चुनाच, खाल्ला जाईल. साधी टाईल असेल तर ऑक्झॅलिक ॲसिड, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, हातमोजे घालून, पातळ करून, पाच मिनिटांत धुवून टाकायचं.

गच्चीवाली
टाईलच आहे. उद्या सासूबाई भिशीला गेल्या की करते.

पिटकुळी
आणि नाय गेलो तर थंय कुंडीच ऱ्हवांदे. फुलां असल्यावर खाली कोण बघता?